म्हाताऱ्या कॉम्प्युटरची थाप

‘पाच वर्षं झाली ना? मग तो हळू चालणारच. नवा घ्या.’ दुकानदार हे इतक्या खात्रीने सांगतो की आपण मुकाट्याने चाळीस-पन्नास हजारांची तजवीज करायला लागतो. ही शुद्ध थाप आहे. घेतला त्या दिवशी प्रोसेसर जितक्या वेगाने काम करायचा, तितक्याच वेगाने तो आजही करू शकतो. पंख्यात धूळ साचली, तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो, एवढं मात्र खरं. त्याला साफसफाई पुरते.

वाढलंय ते त्याच्यावरचं ओझं. विंडोज 95 ला किमान 4 एमबी रॅम लागायची. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. हजारपट! घरातली पत्रं आणि हिशेब हजारपट वाढलेत का? पास्कल ही भाषा घडवणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच बजावलं होतं, की हार्डवेअरचा वेग वाढतो त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावत चाललंय. कुणी मनावर घेतलं नाही. का घेतील? जादा रॅमचे पैसे आपल्या खिशातून जातात.

प्रिंटर घेतला, त्याचा प्रोग्रॅम आला. व्हिडिओ कॉलचा आला, अँटिव्हायरसचा आला. यातले बरेच जण कॉम्प्युटर सुरू होताच आपणही सुरू व्हायची सोय गुपचूप करून ठेवतात. त्यात ब्राउझरमध्ये टॅबची रांग. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवरून तो शोधून आणायला रॅमच्या लाखभर पट वेळ लागू शकतो. आपण पडद्यावरच्या गरगरत्या चक्राकडे बघत बसतो, ते यापायी.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन नको असलेले पाहुणे बंद करा. जुनी हार्ड डिस्क काढून फिरती तबकडी नसलेली, वेगवान एसएसडी बसवा. नव्या कॉम्प्युटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

खरा संताप पुढेच आहे. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतलाच हवा. त्या यादीत बसत नाहीत म्हणून धडधाकट कॉम्प्युटर भंगारात काढायला लावणं हा उघड अन्याय आहे. अशा बहुतेक यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट बसवता येते. मुलांचा अभ्यास, आजोबांचं नेटबँकिंग, मराठी टायपिंग, सगळं त्यावर होतं. दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगेल. त्याला तुम्ही विचारा, आणि त्याने नव्या मॉडेलचं माहितीपत्रक पुढे सरकवण्याआधी विचारा.