खोका घरात येण्यापूर्वी

(या सूचना मार्च २०१३ मधल्या आहेत.) येत्या ३१ मार्चला पुण्यातली जुनी केबल बंद होणार आहे. ज्या टीव्हीला सेट टॉप बॉक्स नसेल त्यावर १ एप्रिलपासून काही दिसणार नाही. तारखेवरून ज्यांना शंका येईल त्यांनी मुंबईकडे पाहावं. तिथली मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरवर गेली आणि त्यानंतर मात्र खरोखरच पडदे काळे झाले. 'सरकारनं एकदा मुदत वाढवली म्हणजे ते दर वेळी वाढवतं' हा सिद्धांत आमच्या अण्णांचा आहे. त्यांचं सगळं आयुष्य सरकारी नोकरीत गेल्यामुळे तो खोडून काढणं अवघड जातं. पण ३ एप्रिलला आयपीएल सुरू होतंय. तेव्हा सिद्धांताची परीक्षा पाहत न बसता कुटुंबप्रमुखांनी खालील सूचना वाचाव्यात.

सूचना पहिली. घरातले टीव्ही मोजावेत. खरेखुरे मोजावेत. आजवर आपण केबलवाल्याला एकच टीव्ही सांगितला आणि एक छोटा स्प्लिटर लावून स्वयंपाकघरातला दुसरा गुपचूप चालवला. आता ते चालणार नाही. टीव्ही तितके खोके. मात्र यात अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. आपण केबलवाल्याला टीव्ही कमी सांगत होतो, केबलवाला वाहिन्यांना घरं कमी सांगत होता आणि करमणूक कर गोळा करणाऱ्याला त्याहून कमी. ही सगळी उलथापालथ मुख्यतः याच मोजणीसाठी आहे. जुन्या तारेतून जे यायचं ते सगळ्यांना सारखंच मिळायचं, कोण बघतंय हे कुणाला कळायचं नाही. खोक्याला मात्र स्वतःचा क्रमांक असतो आणि तो आपलं नाव लपवत नाही. चित्र स्वच्छ दिसेल असं जाहिरातीत म्हणतात, तेही खरं आहे. ते बरोबर फुकट येतं एवढंच.

सूचना दुसरी. खोक्याचा फॉर्म आजच भरा. फोटो चालू वर्षातला लावा, लग्नातला नको.

सूचना तिसरी, वायरींबद्दल. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर त्यात पांढरी घालावी आणि लाल मोकळी लोंबू द्यावी. काही बिघडत नाही. टीव्ही इतका जुना असेल की रंगीत भोकंच नाहीत, तर खोक्यातून निघणारी जाड वायर अँटेनाच्या जागी लावून टीव्हीवर तीन किंवा चार नंबरचं चॅनेल शोधावं. हे सगळं टीव्हीच्या मागे, अंधारात आणि जळमटांत चालतं. कुटुंबप्रमुखांनी या वेळी टॉर्च धरावा. टॉर्च धरणं हे जबाबदारीचं काम आहे असं घरातल्या इतरांनी त्यांना सांगावं, नाहीतर ते वायर धरतात.

सूचना चौथी. खोक्यावर क्रोशाचा रुमाल घालू नये. गणपतीही ठेवू नये. तो तापतो. (खोका.)

सूचना पाचवी ही सर्वांत कठीण असून तिचा सराव मार्चअखेरपर्यंत रोज करावा. यापुढे रिमोट दोन असतील. टीव्हीच्या रिमोटनं फक्त टीव्ही सुरू करायचा आणि एव्हीवर आणायचा; मग तो कपाटात ठेवून द्यायचा. बाकी सगळं खोक्याच्या रिमोटनं. सवयीनं कुणी टीव्हीच्या रिमोटवर चॅनेल बदललं की पडदा निळा होतो, 'केबल गेली' अशी घोषणा होते आणि केबलवाल्याच्या पोराला फोन जातो. तो जिना चढून येतो, एक बटण दाबतो आणि काही न बोलता निघून जातो. त्याचं ते न बोलणं अण्णांना फार लागतं. आमच्याकडे आईनं यावर उपाय काढला: टीव्हीच्या रिमोटला आडवे रबरबँड घातले, चॅनेलची बटणं झाकली जातील असे. गणिताचे तास घेतलेल्या बाईचं डोकं आहे ते.

सूचना सहावी. टीव्हीच्या पाठीत थाप मारू नये. खोक्याच्या तर नाहीच नाही.

इथं थोडं विषयांतर करतो. जुनं चित्र बिघडायचं ते हळूहळू. आधी मुंग्या यायच्या, मग एकाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उभी राहायची, आवाज खरखरायचा. तरी बॅट्समन आउट झाला हे समजायचं. मनुष्य मध्ये पडून काही करू शकेल एवढी जागा त्या बिघाडात होती. डिजिटल चित्र एक तर आरशासारखं लख्ख असतं, नाहीतर नसतं. सिग्नल जरा कमी पडला की चेहऱ्याचे चौकोन होतात, आणखी कमी पडला की इंग्रजीत एक पाटी येते. त्या पाटीपुढे अण्णा काय करणार?

सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन पुण्याला दिसायचं तेव्हा वाड्यावाड्यांवरचे अँटेने गडाकडे तोंड करून उभे असत. आखूड काड्या गडाकडे, सर्वांत लांब काडी पाठीशी. हे पेठेत अण्णांना जितकं कळायचं तितकं कुणालाच नाही. पावसात एखादा कावळा बसून अँटेना फिरला की शेजारचे अण्णांनाच बोलवायचे. ते गच्चीवर, आई गॅलरीत, आम्ही टीव्हीपुढे. 'आलं का?' 'आलं आलं! गेलं!' घरात त्यांचं दुसरं कुठलं म्हणणं चाललेलं मला आठवत नाही, पण अँटेना त्यांचा होता. केबल आली तेव्हा ते काम गेलं. निदान थाप मारायचा हक्क तरी उरला होता.

असो. सूचना सातवी: माणसं एकाएकी उंच आणि किडकिडीत दिसू लागली तर खोक्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १६:९ चं ४:३ करावं. सगळ्या नायिका बारीक झाल्या म्हणून कुणी ते तसंच ठेवत असेल तर आमची हरकत नाही.

सूचना आठवी. क्रिकेट चालू असताना खिडक्या लावून घ्याव्यात. चित्राचे आकडे करून ते दाबायचे आणि खोक्यात पुन्हा उलगडायचे, यात दोन-चार सेकंद जातात. खालच्या मजल्यावर अजून जुनी केबल आहे, तिथं विकेट आधी पडते.

शेवटचं. ही भानगड केबलपुरतीच आहे. सिंहगडावरून येणारं दूरदर्शन ३१ मार्चनंतरही जुन्याच पद्धतीनं येणार आहे. त्याला खोका, फॉर्म, महिन्याचं भाडं काही लागत नाही. तेव्हा गच्चीवरचा अँटेना शाबूत असेल तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकू नका. दिशा लावता येत नसेल तर आमच्याकडे या. अण्णा संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात आणि जिना अजून चढतात.