पुंगळीचा हिशेब

फेकून देण्याच्या बाबतीत आम्ही मराठवाड्यातली माणसं कच्ची. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात ज्वारी जाते, बूड गेलं की तुळस लागते, आणि पार गंजला तरी भंगारवाल्याशी त्याच्या वजनावरून वाद घालता येतोच. तिकडे अमेरिकेत म्हणे चालू मिक्सरसुद्धा कचऱ्यात जातो. पण एका वस्तूच्या बाबतीत सगळं उलटं आहे: उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी. तिकडचा शौकीन ती गुडघ्यांवर रांगत वेचतो, घरी नेऊन न्हाऊमाखू घालतो आणि पुन्हा भरतो. बीडमध्येही ती रांगतच वेचली जाते, पण पुन्हा भरायला नव्हे. ती सरकारची असते.

जुन्या लष्करी बंदुकांचा हा नाद भलताच चिवट आहे. 1871 साली इंग्रजांच्या फौजेत आलेली मार्टिनी-हेन्री घ्या. तिची काडतुसं आता मुबलक कोण बनवणार? मग हे लोक ब्राझीलमध्ये बनलेल्या, छऱ्याच्या बंदुकीच्या 24 बोअरच्या पितळी पुंगळ्या मागवतात, त्यांची मान साच्यात दाबून बारीक करतात आणि राणी व्हिक्टोरियाच्या बंदुकीला जेवू घालतात. एवढ्या खटपटीत आमच्याकडे एखाद्या मुलीचं लग्न उरकतं.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. बार उडाला की ती फुगून नळीच्या घरात गच्च बसते आणि लगेच जराशी आक्रसते, म्हणून ओढल्यावर बाहेर येते. पण दर बाराला तिची मान थोडी ताठ होते. कासाराच्या हातोड्याखाली पितळ असंच ताठ होत जातं आणि मग त्याला ताव द्यावा लागतो. हे शौकीनही तेच करतात. खोलीतला दिवा मालवायचा, बूड पाण्यात ठेवायचं, मानेला आच द्यायची आणि रंग बदलताना डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं. बायका काय म्हणत असतील, देव जाणे.

थ्री नॉट थ्रीची पुंगळी त्यातल्या त्यात अल्पायुषी. ती उडवणाऱ्या ली-एनफिल्ड बंदुकीचं घर जरा ऐसपैस, चिखलमातीतही काडतूस अडकू नये म्हणून. त्या ऐसपैसपणात पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ चिरते. त्यातून ती आपल्या खडकीची असली तर आणखी पंचाईत. 1869 पासून चालू असलेल्या खडकीच्या कारखान्याचा ‘के एफ’ शिक्का तिच्या बुडावर असतो. आत ठिणगीसाठी मधोमध एक भोक असतं तर सुईनं ढकलून बार पेटवून जळालेली टोपी निघाली असती. पण इथे मधोमध ऐरण आणि भोकं कडेला. एका भोकाची तऱ्हा बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, कडेच्या भोकांची बर्डन नावाच्या अमेरिकनाची. इंग्रजाची पद्धत अमेरिकेनं उचलली, आणि अमेरिकनाची इंग्रजांच्या फौजेनं. दुसऱ्याच्या घरची भाजी गोड लागते ती अशी.

आमच्या शेजारचे आबा पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. थ्री नॉट थ्री त्यांनी उभी हयात खांद्यावर वागवली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-47 पुढे हीच बंदूक उभी होती, त्यामुळे तिला कुणी हसलेलं त्यांना खपत नाही. मात्र तिच्या गुणांपेक्षा त्यांच्या बोलण्यात पुंगळ्याच जास्त. “गोळी कुठं गेली हे साहेब एकदा विचारायचा,” ते सांगतात, “पुंगळी कुठं गेली हे धा येळा.”

सरावात जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. एकदा एक कमी भरली. सूर्य डोक्यावर, खाली कुसळं, आणि अख्खी तुकडी गवतात ओणवी. खडे उचलून झाले, वाळूची पोती हलवून झाली, नेम कुणाचा कसा लागला हे सगळे विसरून गेले. या बंदुकीतून पुंगळी उजवीकडे उडते, हे शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं. आबांच्या उजव्या हाताला पालथ्या पडलेल्या शिपायाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं होतं. “बाटली हलवली तर वाजली की!” आबा अजून हसतात. “त्यानं मधी दोनदा पाणी पिलं होतं बग.”

आपल्याकडे पुंगळी घरी नेऊन भरायचा प्रश्नच येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानं विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि बीडमध्ये तर हा विषय हसण्यावारी न्यायचा राहिलेला नाही. डिसेंबर 2024 मधल्या सरपंचाच्या हत्येनंतर इथल्या परवान्यांची चर्चा राज्यभर झाली, कितीतरी परवाने रद्द झाले, आणि ते बरंच झालं. कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणाऱ्यांना पुंगळ्या मोजायला लावल्या असत्या, तरी निम्मा शौक उतरला असता.

कायद्याचीही एक गंमत आहे. लष्करी गोळी म्हणून थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला वर्ज्य. म्हणून त्याच्यासाठी सरकारी कारखान्यानं .315 ची रायफल काढली. तिची गोळी मूळची ऑस्ट्रियाच्या फौजेची, 1890 च्या सुमाराची. म्हणजे इंग्रज शिपायाची गोळी नको, ऑस्ट्रियन शिपायाची चालेल. पण आपण कशाला बोला?

परवा आबांना तिकडच्या शौकिनांबद्दल सांगितलं. एकेका पुंगळीची ते वही ठेवतात, कितव्यांदा भरली, ताव कधी दिला, सगळं लिहितात. आबा कौतुकानं ऐकत होते.

“आन् एखादी हरवली तर?”

“काही नाही आबा. दुसरी घेतात.”

“चौकशी?”

“कोण करणार? वही त्यांचीच.”

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मग सही कोन करतं रे?”