तिशी ते शंभरी

कामशेतला उतरून कुणालाही विचारा, इथं बघण्यासारखं काय? उत्तर तयार असतं. बेडसे लेणी, लोहगड, पॅराग्लायडिंग. लेणी दोन हजार वर्षांची, लोहगड २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत. म्हणजे मावळात वारशाला तोटा नाही. फक्त तो सिमेंटच्या आधीचा हवा.

सिमेंट लागलं की वारसा संपला. उरते ती प्रॉपर्टी.

पुढच्याच लोणावळ्यात नारी गांधींनी बंगले बांधले. मुंबईच्या जे. जे.त शिकलेला माणूस. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे पाच वर्षं काढली, परत आला आणि दगड-विटांतून कुणी पाहिली नव्हती अशी घरं उभी केली. नकाशावर फारशी भिस्त नाही. जागेवर जायचं, गवंड्याशेजारी उभं राहायचं आणि सुचेल तसं बांधत जायचं. १९९३ मध्ये अपघातात गेले.

आता नकाशाच नसलेलं घर पाडलं, तर पुन्हा कशावरून बांधणार? सातबाऱ्यावरून?

लोणावळ्यात कुठल्या हिरोचा बंगला कुठं, हे रिक्षावाल्यापासून चिक्कीवाल्यापर्यंत सगळे सांगतील. नारी गांधींचं घर विचारून बघा. ‘मॅडम कुठल्या सोसायटीत राहतात?’ असा प्रश्न आला, तर रागावू नका.

कायद्याचं गणित तर त्याहून गमतीचं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार स्मारक म्हणवून घ्यायला वय किमान शंभर लागतं. इकडे मुंबईत सोसायटीची इमारत तिशीला आली की पुनर्विकासाला पात्र. म्हणजे तिसाव्या वर्षी जख्ख म्हातारी आणि नव्याण्णवाव्या वर्षी अजून लहान! मधली सत्तर वर्षं इमारतीनं करायचं काय?

बिल्डरची वाट बघायची.

दिल्लीत प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ होता. राज रेवाल यांचा आराखडा, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग, १९७२ चं बांधकाम. काँक्रीटची एवढी मोठी जाळीदार रचना जगात दुर्मीळ. वारसा समितीची अट साठ वर्षांची, हॉलचं वय पंचेचाळीस. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त. पंधरा वर्षं कमी पडली. नोकरीतसुद्धा एवढी कडक वयोमर्यादा नसते.

गोव्यात वेगळीच तऱ्हा. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरियांची. मांडवीच्या काठी पाय मोकळे करायला आलेला माणूस चालता चालता थेट नाट्यगृहाच्या दारात पोचतो, अशी मोकळीढाकळी वास्तू. २०१९ मध्ये सरकारच्या तोंडी पाडण्याची भाषा आली. लोक खवळले, मग दुरुस्ती ठरली. काम निविदेशिवाय का दिलं, असं विधानसभेत विचारल्यावर २०२२ मध्ये कला व संस्कृती मंत्र्यांनी शहाजहानचा दाखला दिला. ताजमहाल बांधताना त्यानं कुठं कोटेशनं मागवली होती!

जुलै २०२३ मध्ये, दुरुस्ती चालू असतानाच, खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं.

ताजमहाल अजून उभा आहे.

दुरुस्तीचा हा उत्साह नवा समजू नका. आपल्या बेडशातही तो होऊन गेलाय. इंग्रज साहेब लेणी बघायला यायचे, त्यांना बरं दिसावं म्हणून स्थानिक अंमलदार रंगरंगोटी करून घ्यायचे. हे १८६१ पर्यंत चाललं. त्या टापटिपीत भिंतींवरच्या जुन्या चित्रांचे उरलेसुरले अवशेष गिलाव्यासकट गेले. साहेब खूश झाले असतील.

मग जपणूक कुठं जमलीच नाही का? जमली की. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३० च्या दशकातल्या, बहुतेक साधी राहती घरं. ना राजा, ना लढाई, ना समाधी. रहिवासी आणि वास्तुतज्ज्ञ चिकाटीनं मागे लागले आणि २०१८ मध्ये युनेस्कोचा शिक्का मिळाला. त्यानंतर मात्र अनेकांना अचानक आठवलं की आपली आत्या तिथंच राहायची.

एक मात्र कबूल करायला हवं. काँक्रीट गळतं. मावळातल्या पावसात तर हमखास गळतं. कौतुक करणारा मुंबईत, बादली लावणारा घरात. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला निदान टीडीआरची, म्हणजे विकता येणाऱ्या बांधकाम हक्काची, आशा असते. डोंगरावरच्या बंगलेवाल्याला काय? एक शाल, एक श्रीफळ आणि खिडकी बदलायलासुद्धा परवानगीचा अर्ज? त्यापेक्षा त्याला ‘व्हिला, स्विमिंग पूल, वीस जणांची सोय’ परवडतं. मग रोमन खांब येतात, तोंडातून पाणी सोडणारा सिंह येतो. बाराव्या शतकातला नसला, तरी त्याच्यासोबत सेल्फी काढायला गर्दी असते.

निदान जपण्याजोग्या घरांची यादी तरी करता येईल. घरपट्टी लावताना बांधकामाचं वय बघतातच, घसारा काढायला. त्याच रजिस्टरात एक रकाना वाढवायचा : आर्किटेक्ट कोण? खर्च एका पट्टीचा आणि पेनचा.

अडचण एवढीच की यादीची कुणकुण लागली, तर यादीआधी जेसीबी पोचेल. तेव्हा समिती नको, फलक नको आणि पालकमंत्र्यांच्या हस्ते शुभारंभ तर अजिबात नको.