मंकची बैठक

पियानोवर बसलेला कलावंत भर मैफलीत उठून नाचू लागला, तर आपल्याकडचा संयोजक आधी मानधनाचं पाकीट चाचपेल. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात १९५७ साली जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक हेच करायचा. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन रंगात आला की हा पियानो सोडायचा आणि डोक्यावरच्या टोपीसकट स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा. लोकांनी त्याला विक्षिप्त ठरवलं. मला तर तो मोठा समंजसपणा वाटतो. दुसऱ्याचं रंगलेलं असताना आपण गप्प राहावं, हे भल्याभल्या साथीदारांना जमत नाही. नावं घेत नाही.

पेटीवर मींड निघत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेरचा रस्ता दाखवला होता. पियानोचं दुखणंही तेच. मंकने त्यावर आपला उपाय काढला. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या तो एकदम दाबायचा आणि त्यांच्या फटीत दडलेला एखादा स्वर ऐकू आल्याचा भास व्हायचा. बोटं चक्क सपाट, शिकवणीच्या बाईंनी पट्टीच मारली असती. समीक्षकांनी निदान केलं, याला वाजवता येत नाही.

‘ब्लू नोट’ने १९४७ पासून त्याच्या रेकॉर्डी काढल्या, त्या फारशा खपल्या नाहीत. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवण्यासाठी लागणारा पोलिसांचा परवाना गेला. सहा वर्षं! पुढे १९६४ साली तोच माणूस ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकला. बोटं तेव्हाही सपाटच होती. पुलित्झरवाल्यांनी गौरव केला तो २००६ मध्ये. मंक जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. त्याच्या रचना साधारण सत्तर, पण ‘राउंड मिडनाइट’ वाजवला नाही असा जॅझवाला शोधून सापडायचा नाही.

परवाना नसलेल्या काळात घर चालवलं ते बायकोने, नेलीने, नोकऱ्या करून. १९५७ मध्ये ती आजारी पडली तेव्हा त्याने तिच्यासाठी ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ही रचना बांधली. जॅझ म्हणजे उपज, आणि मंक म्हणजे तर उपजेचा बादशहा. पण या एका रचनेत त्याने कुणालाही, अगदी स्वतःलाही, उपजेची मुभा ठेवली नाही. इतरत्र कोल्ट्रेनला मोकळं रान. नेलीच्या बाबतीत मात्र लिहिलंय तेवढंच वाजवायचं आणि थांबायचं.