पंचावन्न मिनिटांचे सर

चांदवडच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर सर चहा नाकारतात तेव्हा चार माणसं वळून बघतात. "चहा नको" एवढं म्हणून सुटता येतं. पण सरांनी माध्यमिक शाळेत उभा जन्म भूमिती शिकवलेली. ते "नको" म्हणतात आणि थांबतात. समोरच्यानं "का हो सर?" असं विचारावं म्हणून पुरेसा वेळ देतात. कुणी विचारलंच नाही तर स्वतःच म्हणतात, "का नको, ते विचारा." मग पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं ओळीनं येतं आणि टपरीवाल्याचं दूध उतू जातं.

असे सर आता गावोगाव झालेत. मनमाडला ते रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, लासलगावला कांद्याच्या आडतीवर बसलेले असतात, नाशिकला तर सोसायटीत मजल्यागणिक एक. चांदवडला सकाळी रेणुकामातेच्या रस्त्याला दोन भेटतात आणि परत येताना रंगमहालापाशी तिसरे गाठतात. वय पंचावन्न ते सत्तर. पायात मुलानं पाठवलेले बूट, मनगटाला पावलं मोजणारा पट्टा आणि कमरेला पट्ट्यानं आवळून चुण्या पाडलेली पँट. ती पँट शिंप्याकडे नेण्याचा विषय काकूंनी दोनदा काढला. सर ऐकत नाहीत. पुरावा आहे तो.

सरांचं शास्त्र लातूरहून आलं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातला विचार उचलला, स्वतःवर करून पाहिला आणि गावोगाव भाषणं देत पसरवला. खरी भूक कधी लागते ते ओळखा, दिवसातून त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात हे इतकं गाजलं, की दुसरीकडून मुंबईच्या ऋजुता दिवेकर 'दर दोन तासांनी थोडं थोडं खा' म्हणत होत्या आणि घराघरात दोन पक्ष पडले. आमदारकीच्या निवडणुकीतही चांदवडच्या गल्लीत इतक्या तावातावानं वाद झाले नसतील. सरांच्या समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका दिवेकर पक्षाच्या. त्यांच्या पिशवीत शेंगदाण्यांची डबी, गुळाचा खडा, एक केळं. सर ओट्यावर उपाशी बसलेले असतात तेव्हाच ती डबी उघडण्याचा आवाज येतो, हा योगायोग आहे असं सर मानत नाहीत.

पुण्याचा मुलगा हेच करतो. मोबाइलमधल्या ॲपवर करतो आणि त्याला 'सोळा-आठ' म्हणतो. सोळा तास उपाशी, आठ तासांची खिडकी. सरांच्या मते ते अमेरिकेचं आहे, म्हणजे कच्चं आहे.

सरांचं दुपारचं जेवण जवळून पाहण्यासारखं असतं. पावणेएकला ताट येतं. सर हात धुतात, फोनवरचं घड्याळ लावतात आणि मगच भाकरी मोडतात. बाजरीची भाकरी, मेथीची परतून भाजी, मोडाची मटकी, काकडी, वाटीभर दही. पंचविसाव्या मिनिटाला पोट भरतं. एरवी माणूस उठला असता. पण घड्याळात अजून अर्धा तास शिल्लक असतो आणि शेवटची घंटा होईपर्यंत पेपर द्यायचा नाही हे तर सरांनीच पोरांना शिकवलेलं. मग चतकोर भाकरी आणखी. मग आमटी नुसतीच पितात. चाळिसाव्या मिनिटाला शेंगदाण्याचा लाडू, "गोड खायचंच तर जेवणातच, असं सांगितलंय." त्रेपन्नाव्या मिनिटाला केळं सोलताना मात्र हात थरथरतो. काकूंनी तेवढ्यात "भात वाढू का?" विचारलं, तर सर बोलत नाहीत, फोन दाखवतात.

या ५५ मिनिटांमागचं कारण सर पाठ म्हणतात. जेवायला बसलं की स्वादुपिंड इन्शुलिनचं एक माप सोडतं, पंचावन्न मिनिटांनंतर तोंड हललं की दुसरं. शरीरशास्त्राची पुस्तकं इतकं आखीव बोलत नाहीत. साखर रक्तात उतरू लागली की काही मिनिटांत इन्शुलिनचा पहिला लोंढा येतो आणि मग साखर चढलेली असेतो दुसरा, संथ टप्पा चालूच राहतो. दोन-तीन तास सहज. छप्पन्नाव्या मिनिटाला स्वादुपिंडात कुणी घंटा देत नाही. पण हे सरांना सांगण्यात अर्थ नाही, कारण सरांचं वजन खरोखरच नऊ किलोनं उतरलेलं आहे आणि उतरलेल्या वजनासमोर पुस्तक हरतं.

वजन का उतरलं याचा हिशेब भूमितीच्या नाही, अंकगणिताच्या शिक्षकानं करायचा. नोकरीत असताना सरांचे दिवसाला सहा चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, जवळजवळ पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. नुसत्या या साखरेचे रोजचे दोनशे उष्मांक. वर स्टाफरूममधला भेळभत्ता, कुणाच्या तरी वेतनवाढीचे पेढे, घरी आल्यावर पोहे. दोनदाच जेवायचं ठरल्यावर हे सगळं एका फटक्यात गेलं. पहिल्या पंधरवड्यात तर काटा भराभर खाली आला, त्यातलं बरंचसं पाणी होतं: शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा आटला की तेही जातं. सरांनी मात्र त्या पाण्याचीही चरबीतच गणना केली.

रक्ततपासणीचा कागद सरांच्या शर्टाच्या खिशात असतो. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१ होती ती ५.७ झाली. ६.५ पासून पुढे मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठा. सर उंबरठ्याच्या अगदी कडेला उभे आहेत, पण सांगताना घरात आल्यासारखं सांगतात.

मोबाइलवर एकदा 'उपवासाला नोबेल' असं आलं तेव्हा सरांनी ते एकाच सकाळी सगळ्या गटांवर पाठवलं, अगदी गल्लीच्या नळाच्या पाण्याच्या गटावरसुद्धा. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. उपाशी पेशी स्वतःतलाच टाकाऊ माल मोडून वापरते, ती ऑटोफॅजी कशी चालते हे त्यांनी शोधलं. शोधलं ते यीस्टमध्ये, पाव फुगवणाऱ्या बुरशीत. सरांना पाव वर्ज्य आहे. समोरच्या बाईंनी उट्टं काढलं ते २०२४ च्या मार्चमध्ये. आठ तासांच्या खिडकीत जेवणाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण ९१ टक्क्यांनी जास्त, अशी अमेरिकेतल्या परिषदेतली बातमी त्यांनी सरांना खासगीत पाठवली, खाली हात जोडलेलं चिन्ह टाकून. त्या अभ्यासात लोकांना दोन दिवसांचं खाणं आठवून सांगायला लावलं होतं आणि त्यावरून पुढच्या कित्येक वर्षांचा अंदाज बांधला होता. कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. हे मात्र सरांनी अचूक पकडलं. सिद्धतेत ते कुणाला सोडत नाहीत, स्वतःची सोडून.

तोलून-मापून केलेले प्रयोग दोन्ही पक्षांना फारसे खूश करत नाहीत. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर सारखेच मोजके उष्मांक दिले. अर्ध्यांनी सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खाल्लं, अर्ध्यांनी वेळेचं बंधन पाळलं नाही. २०२२ मध्ये निकाल आला: एका गटाचं वजन ८ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं ६.३ नं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात बसण्याइतका नव्हता. खिडकीपेक्षा ताट महत्त्वाचं ठरलं.

लग्नसराईत सरांची खरी कसोटी लागते. मुहूर्त पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटांचा, म्हणून सर रीतसर भूक घेऊन हायवेवरच्या लॉन्समध्ये येतात. वरात डीजेसमोर नाचत असते. मग नाशिक जिल्ह्याची खास रीत, शुभाशीर्वाद: आजी-माजी आमदार, बाजार समितीचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, प्रत्येकाची पाच मिनिटं आणि शेवटच्याची वीस. अक्षता पडतात तेव्हा दोन वाजून गेलेले. सरांचं घड्याळ पहिल्या घासाला सुरू होतं आणि केटररची माणसं अर्ध्या तासात टेबलं आवरायला लागतात. "सर, एक जिलबी तरी," म्हणत वधूपिता उभाच. पूर्वी सर लाजून एक घ्यायचे. आता घड्याळात वेळ असते, म्हणून चार घेतात.

दुगावच्या मळ्यात मात्र हे शास्त्र एकदा अंगाशी आलं. सरांचे थोरले बंधू, दादा, शेती करतात आणि त्यांना साखरेची गोळी चालू आहे, ग्लिमेपिराइड, सकाळी न्याहारीआधी घ्यायची. सरांनी त्यांची न्याहारी बंद केली. गोळीचं काही बोलणं झालं नाही. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही बघत नाही, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतेच. अकराच्या सुमाराला कांद्याची रोपं लावता लावता दादा घामानं डबडबले, हात कापू लागले, बोलणं विसंगत व्हायला लागलं. सुनेनं प्रसंग ओळखला. बोटातून थेंब काढून बघितला तर साखर ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग भाकरी दिली.

डॉक्टरांनी दादांना काही म्हटलं नाही, सरांकडे बघितलं. "तुमच्या त्या पद्धतीतच आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा, असं सांगितलेलं असतं ना?" सांगितलेलं असतं. ते पान सरांनी टपरीवर कधी वाचून दाखवलेलं नाही. आणि दादांची अडचण निराळीच होती. शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची येते. मध्यरात्री मोटार चालू करून पहाटेपर्यंत बारं द्यायचं, मध्ये थंडीत चहा आणि भाकरीचा तुकडा. त्यांची खिडकी महावितरण ठरवतं.

उठता उठता डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. प्रागमध्ये मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये छापून आला. उष्मांक तेवढेच ठेवून दिवसात सहा वेळा थोडं थोडं आणि दोनदाच पोटभर, असं दोन्ही करून पाहिलं. दोनदावाल्या पाळीत वजन जास्त उतरलं. सरांचा चेहरा उजळला. "पण ते दोनदा म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण," डॉक्टर म्हणाले, "रात्रीचं नव्हतंच." सरांचं दुसरं जेवण रात्री साडेआठला, बातम्यांसमोर.

गंमत अशी, की हे चांदवडला कुणी प्रागहून आणायची गरज नव्हती. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम इथे १९२८ पासून आहे. सरांच्या गल्लीतले कापड दुकानवाले शेठ चातुर्मासात बियासणा करतात: दिवसातून दोनदाच, एका जागी बसून, आणि सूर्यास्तानंतर काही नाही. शेठनी त्यावर कधी भाषण केलं नाही. काकूंच्या संकष्ट्या, एकादश्या आणि रेणुकामातेचे नऊ दिवस यांच्यावरही नाही; ती वजनं कुणी मोजली नव्हती. साबुदाण्याच्या खिचडीनं ती घटलीही नसती म्हणा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा पिष्टच.

सरांनी घरी येऊन नवा ठराव मांडला. उद्यापासून पहिलं जेवण दहाला, दुसरं संध्याकाळी साडेपाचला, त्यानंतर फक्त पाणी. काकूंना हे आवडणार नाही अशी त्यांची खात्री होती. समजूत घालायला त्यांनी प्रागचे आकडे कागदावर लिहून आणले होते.

काकूंनी कागद बघितलाही नाही. "साडेपाचला नक्की? नंतर काही मागणार नाही ना?"

"नाही."

"मग सहाला भांडी घासून मी मोकळी," काकू म्हणाल्या आणि समोरच्या बाईंना हाक मारायला दारात गेल्या, "अहो बाई, त्या भजनी मंडळाचं विचारत होता ना तुम्ही? माझं नाव लिहा."