टॉवेल पोटात, फाईल कोर्टात

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात जुलै 1963 मध्ये कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाळंतिणीच्या पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचा टॉवेल, राहून गेला. पोट पुन्हा उघडून तो काढला, पण त्याच महिन्यात ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण काय, तर सरकारी दवाखान्यातल्या चुकीला सरकार जबाबदार नाही. आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा दिले. टॉवेल स्वतःच्या पायांनी पोटात चालत जात नाही, हे ठरायला 33 वर्षं पुरली. ही जुनी गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. मग 1998 मध्ये चुकीच्या औषधोपचाराने दगावलेल्या अनुराधा साहा यांचा खटला घ्या. त्यात सुमारे सहा कोटींची भरपाई 2013 मध्ये मिळाली. नवरा स्वतः डॉक्टर असेल तर 15 वर्षांतही निभावतं!

कोर्टांना दोष देण्यात अर्थ नाही. दोषी कोण आणि रक्कम किती, एवढंच दाव्यात विचारलेलं असतं. टेबलावर मॉप किती होते, ते कुणी मोजले, टाके घालण्याआधी सिस्टर काही म्हणाली का आणि म्हणाली असती तर ‘सरां’नी ऐकलं असतं का, हे विचारणं कुणाचंच काम नाही. खरं तर औषध तिथेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी वडिलांकडून नातं असलेले शल्यविशारद अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 19 मुद्द्यांची यादी केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असं 2009 साली प्रसिद्ध झालं. रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी मॉप आणि सुयांची मोजणी जुळली हे सिस्टरने मोठ्याने सांगणं, हा त्यातलाच एक मुद्दा. आपल्याकडे ही यादी आली नाही असं मुळीच नाही. मान्यतेची तपासणी जवळ आली की ती एकाच अक्षरात, एकाच शाईत, महिनाभराची भरून निघते. कारण खरं लिहिलं की तो पुरावा होतो. म्हणून केस पेपरवर चूक कधीच होत नाही, फक्त ‘प्रकृती अचानक खालावते’.

आतून काही कळत नाही म्हटल्यावर नातेवाईक काचा फोडतात. हे सर्वस्वी गैर आहे, आणि त्यावर सरकारने तत्परतेने उपायही केला. दवाखान्याची यंत्रं फोडली तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागेल, असं महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यात लिहून ठेवलं आहे. आतड्याची खरेदी किंमत मात्र कुठेच लिहिलेली नाही. ती ज्याची त्याने सिद्ध करायची.

न्यूझीलंडने 1974 पासून भरपाई आणि दोष यांची फारकत केली आहे. उपचारामुळे इजा झाली एवढं दिसलं की सरकारी निधीतून पैसे मिळतात. डॉक्टरची चौकशी करणारी यंत्रणा वेगळी. यावर हमखास येणारा आक्षेप असा की, मग डॉक्टर बेफिकीर होतील. बेफिकिरीला शिक्षा राहीलच की. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेतलं कलम 106 काही कुणी पुसून टाका म्हणत नाही. फक्त विधवेने पैशासाठी त्या शिक्षेची वाट बघत बसायचं नाही, आणि चूक स्वतःहून कळवणाऱ्या सिस्टरची नोंद तिच्याविरुद्ध वापरायची नाही. दुसरा आक्षेप, हे चोचले श्रीमंत देशांचे. पण आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाचा दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख देण्याची तरतूद आहेच, आणि त्यापायी देश बुडालेला नाही. तेव्हा तूर्तास व्यवहारी सल्ला एवढाच: इजा व्हायचीच असेल तर ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर, शक्यतो विमा उतरवलेल्या रुग्णवाहिकेखाली करून घ्यावी.