उभ्या गाडीचं दुखणं

एक्स्प्रेसवेवर शंभरने निमूट पळणारी आमची गाडी नळ स्टॉपच्या सिग्नलला मात्र हमखास मरायची. लाल दिवा दिसला, ब्रेक दाबला, की आरपीएमचा काटा आधी बाराशेवर, मग पाचशेवर, पुन्हा बाराशेवर आणि दिवा हिरवा व्हायच्या मुहूर्तावर थेट शून्यावर. मागच्या रिक्षावाल्याला आपल्या इंजिनाच्या तब्येतीत काडीचाही रस नसतो. तो आपलं मत आधी हॉर्नने कळवतो आणि मग शेजारून पुढे काढताना तोंडाने.

यावर मी पायाची एक कसरत बसवली होती. चवडा ब्रेकवर, टाच तिरकी करून अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी जिवंत राहायची, पण डोक्यावर चांदी आलेला गृहस्थ सिग्नलला उभा राहून घूं घूं रेस देतोय, असं दृश्य दिसायचं. बाइकवरच्या पोरांना ते आव्हान वाटे. एकाने तर काचेवर टकटक करून, ‘‘काका, लावायची का?’’ असं विचारलं. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी काच वर घेतली आणि घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

बरं, हे सगळं सुरू झालं ते नवा इनटेक मॅनिफोल्ड बसवल्यावर. जुना तडकला म्हणून तो बदलला. पूर्वी हे मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असत; आता बऱ्याच गाड्यांत ते काचतंतू घातलेल्या नायलॉनचे असतात. वजनाला हलके, आतून गुळगुळीत, आत जाणारी हवा फार तापू न देणारे. फक्त वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतात. नवा बसवला, बिल दिलं आणि जुन्या मॅनिफोल्डने कधी दिला नव्हता तो त्रास नव्याने दिला.

‘‘साहेब, गाडी एअर ओढतीय,’’ गॅरेजवाला म्हणाला.

गाडीने हवा ओढायचीच असते, असं मला वाटत होतं. पण ओढायची ती दारातून. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टन आतून हवा खेचत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. अशा वेळी कुठे बारीक भोक असेल तर बाहेरची हवा तिथून आत घुसणारच. आणि आत येणारी हवा मोजणारा सेन्सर बसलेला असतो पार पुढे, एअर फिल्टरच्या तोंडाशी. मंगल कार्यालयाच्या फाटकावर पानं मोजायला माणूस बसवावा आणि निम्मी वऱ्हाडी मंडळी मागच्या दाराने पंगतीला बसावीत, तसं होतं. फाटकावरच्या हिशोबाने पेट्रोल वाढलं जातं, ते पुरत नाही, आणि इंजिन उचक्या देऊ लागतं. गाडी पळायला लागली की पुढच्या दारानेच इतकी हवा येते की मागची चार टाळकी कुणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून एक्स्प्रेसवेवर ती ठणठणीत.

सोसायटीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या अण्णांनी आयुष्यभर फियाट चालवली आणि त्यांच्या वैद्यकीत औषध एकच.

‘‘चोक ओढ.’’

‘‘अण्णा, हिला चोक नसतो.’’

‘‘मग घेतलीस कशाला?’’

भाचा पडला नव्या पिढीचा. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये आगपेटीएवढा स्कॅनर खोचला आणि मोबाइलवर कोड वाचला: पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही चहाडी ऑक्सिजन सेन्सर करतो, म्हणून भाच्याने ऑक्सिजन सेन्सरच मागवला. निरोप्याला बदलून निरोप बदलत नाही, हे त्याला सेन्सर बसवल्यानंतर कळलं. कोड दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्याच मोबाइलवर खरी गोष्ट दिसतच होती: उभ्या गाडीत कॉम्प्युटर तेवीस टक्के पेट्रोल जादा ओतत होता आणि अडीच हजार आरपीएमला तोच आकडा चारवर येत होता. हवेची गळती यापेक्षा स्वच्छ शब्दांत काय सांगणार?

गॅरेजमध्ये व्हॅक्यूम गेज लावलं. काटा चौदावर. ‘‘व्हिडिओत तर वीस दाखवतात,’’ भाचा म्हणाला. गॅरेजवाल्याने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, ‘‘ते समुद्रकाठचं. हजार फुटांना एक इंच कमी धरायचा. आपण साडेपाचशे मीटरवर आहोत.’’ पुणं बाकीच्यांपेक्षा वर आहे हे पुणेकराला सांगावं लागत नाही, पण त्याचा पुरावा गेजवर मिळाला याचं मला समाधान वाटलं. सहामधले दोन इंच पुण्याचे. उरलेले चार चोराचे.

मग चोर धरायची मोहीम. पॅकिंग तपासलं. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने आवळले, कारण प्लास्टिकला पैलवानी चालत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा सांध्यांवर मारून पाहिला; जिथे गळती असते तिथे तो आत ओढला जातो आणि आवाज बदलतो. काही बदललं नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटून पाहिला, तोही निर्दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवाल्याने फवारा पार शटरबाहेर नेऊन ठेवला, गणपतीसमोरची उदबत्ती उचलली आणि बॉनेटमध्ये वाकला. इंजिन थंड होतं, रेडिएटरचा पंखा लागलेला नव्हता, त्यामुळे धूर सरळ वर चढत होता. उदबत्ती सांध्यासांध्यावरून हळूहळू फिरली. ‘‘दसरा झाला ना?’’ असं बाहेरून कुणीतरी विचारून गेलं. मॅनिफोल्डच्या मागे, फायरवॉलकडच्या अंगाला उदबत्ती पोचली आणि धूर वर जायचा सोडून काटकोनात वळला आणि खाली शिरला.

आरसा घालून पाहिलं. बोटभर लांबीची एक तोटी, उघडी. नवा मॅनिफोल्ड दोन-तीन मॉडेलांना मिळून एकच निघतो. आमच्या मॉडेलला त्या तोटीचं काम नव्हतं आणि तिच्यावरची रबरी टोपी बसलेलीच नव्हती. टोपी बसवली, क्लिप लावली आणि काटा खाडकन स्थिरावला.

पण एवढ्यावर भागत नाही. गळती गृहीत धरून जादा पेट्रोल ओतायची कॉम्प्युटरला सवय लागलेली असते. बॅटरीची तार काढून त्याला सगळं विसरायला लावलं, मग गाडी चालू करून गरम होऊ दिली, एसी बंद ठेवून, मग लावून. ‘‘एवढ्यात अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही,’’ अशी सक्त ताकीद. इतके दिवस तालीम दिलेली माझी टाच बुटात वळवळत होती.

संध्याकाळी अण्णांना डेक्कनला सोडायचं होतं. नळ स्टॉपला लाल दिवा लागला. काटा साडेसातशेवर खिळलेला, आवाज जवळजवळ नाहीच. मी पाय ब्रेकवर ठेवून ऐटीत बसलो. अण्णांनी कान देऊन ऐकलं, मागच्या रिक्षाकडे वळून पाहिलं आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

‘‘बंद पडली रे. चोक ओढ.’’